टाचणवहीतला चौथा रकाना

वकिली करणाऱ्या माणसास आपण शिक्षक झालो असतो तर फार चांगले शिक्षक झालो असतो, असे आयुष्यात एकदा तरी वाटतेच. न्यायासनापुढे उभे राहावयाचे, गुंतागुंतीची हकीकत उकलून सांगावयाची, कंटाळलेल्या श्रोत्याचे लक्ष ढळू द्यावयाचे नाही. हे ज्याला वीस वर्षे जमले त्याला चाळीस मिनिटांचा एक तास घेणे काय कठीण, असा आमचाही समज होता. तो समज काही वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, उज्जयिनीतल्या एका शाळेच्या बारावीच्या वर्गात गळून पडला. त्याची ही हकीकत आहे. तीत आमची शोभा नाही. पण दुसऱ्याच्या चुका रोज चव्हाट्यावर मांडून पोट भरणाऱ्याने एखादी आपलीही मांडावी, हे बरे.

आमचे घराणे मूळचे गोमंतकातले. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी केला, हे या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या काळापासून क्षिप्रेकाठी जी कोंकणी आणि मराठी कुटुंबे येऊन राहिली, त्यांच्यांतले आमचे एक. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, अशी आमची त्रिस्थळी यात्रा लहानपणापासून चालू आहे. आजी मात्र शेवटपर्यंत कोंकणीच बोलली. आम्ही लहानपणी फार बडबड करीत असू, तेव्हा ती म्हणे, "पुता, आदीं पळय, मागीर उलय." आधी पाहा, मग बोल. पुढे आम्ही बोलण्याचाच धंदा पत्करला आणि त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग विसरलो.

आमच्या वहिनी येथील एका शाळेत उच्च माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवितात. त्या वर्षी ऐन डिसेंबरात त्यांची शस्त्रक्रिया ठरली आणि तीन आठवडे अंथरूण धरावे लागणार हे स्पष्ट झाले. परीक्षा तोंडावर आलेली, बदली शिक्षक मिळेना. शाळा सकाळची, आमचे कोर्ट अकराचे. तेव्हा पहिला तास आम्ही घ्यावा, अशी विनंती मुख्याध्यापकांकडून आली, आणि आम्ही ती एखाद्या मोठ्या खटल्याचे वकीलपत्र स्वीकारावे तशा थाटात स्वीकारली.

बारावीच्या त्या इंग्रजी पुस्तकांत देशोदेशींचे लेखक आहेत. त्यांतले अमेरिकेचे तेवढे निवडून सलग शिकवावयाचे, अशी वहिनींची पद्धत. घरात त्याला 'अमेरिकेचा पंधरवडा' असे नाव पडले होते. रॉबर्ट फ्रॉस्टची रस्त्याकडेच्या दुकानावरची कविता, ॲड्रिएन रिचची वाघांचे भरतकाम करणाऱ्या काकूंवरची कविता, जॅक फिनीची न्यूयॉर्कच्या आगगाडीच्या स्थानकात नसलेला तिसरा मजला शोधणारी गोष्ट, झिटकला-सा या मूलनिवासी लेखिकेची बालपणाची आठवण, आणि विल्यम डग्लस यांचा खोल पाण्याच्या भीतीवरचा पाठ, असा तो ऐवज. मुलांच्या मनात अमेरिका म्हणजे कुणाचा तरी मामेभाऊ जेथे नोकरीस गेला तो देश. त्या देशातही गरीब शेतकरी असतात, सुना सासुरवासात झिजतात, लहान मुले भितात, हे पंधरा दिवसांत त्यांना कळावे एवढाच त्यांचा हेतू असे.

आम्हांला हा हेतू फार साधा वाटला. आमचा बेत मोठा होता. एमर्सनने 1857 साली 'ब्रह्म' ही कविता छापली, थोरो 1845 ते 1847 या काळात वॉल्डनच्या तळ्याकाठी राहिला आणि तेथे गीता वाचीत असे, त्या तळ्यातला कापून नेलेला बर्फ दूर हिंदुस्थानपर्यंत जाईल आणि तळ्याचे पाणी गंगेस मिळेल, अशी कल्पना त्याने 1854 सालच्या आपल्या पुस्तकात केली, हे सगळे प्रथम सांगून मग पाठांस हात घालावा, असे आम्ही योजिले. वहिनींना ते वाचून दाखविले. त्या उशीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्या एखाद्या लेखात शोभेल. मुलांना चाळीस मिनिटे असतात. त्यांतली पाच हजेरीत जातात." आणि त्यांनी आपली टाचणवही आमच्या हाती ठेविली.

वहिनी पुण्यास बी. एड. झालेल्या, म्हणून इकडे शिक्षक जिला डायरी म्हणतात तिला त्या अजून टाचणवहीच म्हणतात. रोजच्या पाठाचे आदल्या रात्री टाचण काढावयाचे, हा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा नेम. देवघरातल्या निरांजनासारखा न चुकलेला. वहीत चार रकाने होते. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात पाठ, तिसऱ्यात उद्देश आणि पद्धत, चौथ्याच्या डोक्यावर नुसते 'शेरा'. पहिले तीन रकाने आम्ही वाचले. चौथ्यात बारीक अक्षरात मुलांची नावे आणि काही तुटक शब्द होते. ते शिस्तीसंबंधी काही असेल असे समजून आम्ही पाने उलटली. वही मिटली, आणि आमच्या कारकुनाकडून आमचे स्वतंत्र टाचण टंकलिखित करवून घेतले.

हे टाचण, आमच्या मते, नमुनेदार होते. हर्बार्ट या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. आमच्याकडच्या अध्यापनशास्त्रात तिला 'पंचपदी' म्हणतात. देवळात भजनाच्या आरंभी म्हणतात ती पंचपदी आम्हांला ठाऊक होती. ही दुसरी आम्ही एका जुन्या पुस्तकातून शिकलो. प्रत्येक पायरीस किती मिनिटे, कोणता प्रश्न, त्याचे अपेक्षित उत्तर कोणते, सारे लिहून काढले. साक्षीदाराची उलटतपासणी आखावी तसे.

पहिले तीन दिवस ठीक गेले. फ्रॉस्टच्या कवितेत रस्त्याकडेला दुकान मांडून बसलेली गरीब माणसे शहरातल्या मोटारींची वाट पाहत असतात. मोटारी थांबत नाहीत, आणि थांबलीच एखादी तर वाट विचारण्यापुरती. देवासच्या रस्त्यावर जाम विकणारे बसतात (पेरूला इकडे जाम म्हणतात), त्यांचा दाखला आम्ही दिला. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, तिची आई मंदिराबाहेर फुलांच्या टोपल्या विकते. पुष्कळ मोटारी तिच्यापाशी थांबतात, मोटार कुठे उभी करावी एवढेच विचारतात आणि जातात. वर्ग हसला, मग गप्प झाला. त्या एका वाक्याने कविता जितकी कळली तितकी आमच्या पाच पायऱ्यांनी कळली नव्हती. पण आम्ही ते श्रेय आमच्या टाचणाकडे घेतले.

पाचव्या दिवशी झिटकला-सा. ही 1876 साली जन्मलेली, डकोटा जमातीतली. लहानपणी तिला दूरच्या शाळेत नेण्यात आले आणि तेथे तिची वेणी बळजबरीने कापण्यात आली. शोक करणाऱ्यांनी आणि भ्याडांनीच केस कापावेत अशी तिच्या लोकांची रीत. म्हणून त्या लहान मुलीस तो केवळ केसांचा प्रश्न नव्हता. ही आठवण 1900 साली 'अटलांटिक मंथली'त आली. एमर्सनची कविता ज्या मासिकात आली होती त्याच मासिकात. आम्ही तुलनेच्या पायरीवर पोहोचलो आणि टाचणातला प्रश्न विचारला: "आपल्याकडेही घरात मृत्यू झाल्यास पुरुष मुंडन करतात. तुमच्यापैकी कुणी केले आहे काय?" खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला. सडपातळ, अबोल मुलगा. आम्ही "ठीक" म्हटले आणि पुढच्या पायरीवर गेलो, कारण तुलनेची सात मिनिटे संपत आली होती.

साक्षीदार समोर उभा होता, हात वर करून उभा होता, आणि ज्याचे पोट साक्षी ऐकण्यावर चालते त्या माणसाने त्याला पुढचा प्रश्न विचारला नाही. कुणासाठी मुंडन केलेस, एवढाच.

डग्लस यांच्या पाठाची आम्ही विशेष वाट पाहत होतो. लेखक आमच्या व्यवसायातला. 1939 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झालेला हा गृहस्थ 1975 पर्यंत, छत्तीस वर्षे, त्या आसनावर होता. त्याहून दीर्घ काळ त्या न्यायालयावर कुणीच बसलेले नाही. असा माणूस दहा-अकरा वर्षांचा असताना एका दांडग्या मुलाने त्याला पोहण्याच्या तलावाच्या खोल भागात फेकून दिले आणि तो बुडता बुडता वाचला; त्या भीतीने पुढे कित्येक वर्षे त्याचा पाठलाग केला. वर्गात आम्ही न्यायालयाची माहिती सांगितली, क्षिप्रेत पोहावयास कोण कोण शिकले ते विचारले, बुडण्याचा प्रसंग मोठ्याने, हावभावांसह वाचून दाखविला. आमचा आवाज कोर्टात चांगला मानला जातो. मग उपयोजनाची पायरी आली. आम्ही फळ्यावर लिहिले: बुडत्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय येत असेल, याची कल्पना करून पाच ओळी लिहा.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. खिडकीजवळचा मुलगा लिहीत नव्हता. आम्ही त्याला उठविले आणि कारण विचारले. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, मुझे नहीं मालूम। मेरे भाई को मालूम होगा।"

आम्हांला अर्थ कळला नाही. वर्गाला कळला होता. सगळ्या लेखण्या थांबल्या होत्या. फुलवालीची मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, त्याचा मोठा भाऊ श्रावणात घाटावर बुडाला."

उलटतपासणीत, ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही असा प्रश्न विचारू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो आम्ही कनिष्ठ वकिलांस वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्या दिवशी आमच्या हातून जे घडले त्याची खरी लाज याहूनही निराळी आहे, आणि ती लिहिल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. मुलगा उभा होता, वर्ग आमच्याकडे पाहत होता, आणि त्या क्षणी आमची नजर गेली ती टेबलावरच्या टंकलिखित कागदाकडे: आता पुढची पायरी कोणती? पुढची पायरी नव्हती. उपयोजन ही शेवटचीच. घंटा झाली. आम्ही त्याला "बस, बाळ" एवढेही म्हटले नाही.

दुपारी कोर्टातून परस्पर वहिनींकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, नुसते म्हणाल्या, "माझी वही आणा." आणली. त्यांनी डग्लसचे पान काढून आमच्यापुढे धरले. चौथ्या रकान्यात त्या मुलाचे नाव होते आणि पुढे लिहिले होते: 'भाऊ गेला. आधी घरी भेटणे. त्याची तयारी असेल तरच घेणे, सर्वांत शेवटी. मोठ्याने वाचन नाही.' फ्रॉस्टच्या पानावर फुलवालीच्या मुलीचे नाव होते: 'हिला बोलू द्यावे.' रिचच्या पानावर आणखी एका मुलीचे: 'ताईचे लग्न मोडले. हिला प्रश्न नको.' वीस-बावीस वर्षे दर रात्री ही बाई जे काढीत होती ते पाठाचे टाचण नव्हतेच. उद्या सकाळी त्या पाठासमोर कोण कोण बसणार आहे, त्याचे ते टाचण होते.

"वहिनी, मला तोंडी का सांगितले नाहीत?" आम्ही विचारले.

"वही दिली होती ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि मीही चुकले. कागदांशी तुमचे रोजचे काम. तुम्ही सगळे रकाने वाचाल, असे मी धरून चालले."

संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो. वडिलांचे लहानसे किराणा दुकान. मागे दोन खोल्या. भिंतीवर भावाची तसबीर, तिला हार. आम्ही वडिलांची क्षमा मागितली. त्यांनी हात जोडले आणि चहा मागविला. या देशात शिक्षकाने क्षमा मागितली की माणसे संकोचतात. मुलगा दाराशी उभा होता. थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलू लागला. तो पाठ त्याने भाऊ गेल्यावर घरी तीन वेळा वाचला होता. बुडण्याचा भाग एकदाच. पुढचा भाग तीन वेळा. "सर, आपण ज्या भागापर्यंत आलाच नाहीत, तो," असे तो म्हणाला तेव्हा त्यात टोमणा नव्हता. भाऊ गेल्यापासून त्याच्याने घाटाची पायरी उतरवत नव्हती. आई जाऊ देत नव्हती, आणि खरे म्हणजे त्यालाच जाववत नव्हते. वर्षश्राद्ध येणार होते. घाटावर उतरून तर्पण करणे त्याला भाग होते.

त्या रात्री आम्ही तो पुढचा भाग नव्याने वाचला. डग्लस मोठेपणी एक शिक्षक ठेवतो. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास. शिक्षक त्याच्या कमरेला पट्टा बांधतो, पट्ट्याला दोर, दोर वरच्या तारेवरच्या कप्पीतून आपल्या हाती धरतो आणि त्याला तलावात इकडून तिकडे, तिकडून इकडे नेतो. भीती किंचित सैल पडावयास तीन महिने लागतात. मग तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे, नाक वर काढून घेणे. शेकडो वेळा तेच. मग काठाला धरून नुसते पाय मारणे, कित्येक आठवडे. असे एकेक अंग शिकवीत शिकवीत, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, तो शिक्षक एक पोहणारा माणूस घडवितो. आम्ही हा भाग 'उर्वरित कथानक' म्हणून सहा ओळींत उरकणार होतो. वस्तुतः रोजचा पाठ कसा आखावा, हे त्या पुस्तकात इतके नेमके दुसरीकडे कुठेच सांगितलेले नव्हते. त्या शिक्षकापाशी पंचपदी नव्हती. दोराचे एक टोक त्याच्या हातात होते आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे त्याला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही प्रथम त्या मुलाची आणि मग वर्गाची क्षमा मागितली, फळ्यावरचा कालचा प्रश्न मागे घेतला, आणि पाठाचा फक्त तो शिकण्याचा भाग घेतला. मोठ्याने वाचले नाही. प्रश्न एकच विचारला, आणि त्याचे अपेक्षित उत्तर कुठे लिहून ठेवले नव्हते: तुम्हांला ज्याची भीती वाटते त्याची पहिली सर्वांत लहान पायरी कोणती? बोलून सांगू नका, लिहून स्वतःजवळ ठेवा. खिडकीजवळचा मुलगा लिहीत होता. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही. जमलेल्या चाळीस मिनिटांत आम्ही पंधरासुद्धा बोललो नसू.

उज्जयिनीस अंकपाताजवळ सांदीपनींचा आश्रम आहे. येथे बलराम आणि कृष्ण शिकले, पाटीवरचे अंक येथल्या कुंडात धुतले, म्हणून ते नाव, असे लोक सांगतात. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला ते शिकले, असे भागवत म्हणते. दिवसाला एक. ही जगातली सर्वांत चोख पाठयोजना म्हणावी, अशी थट्टा आम्ही पूर्वी करीत असू. त्या तीन आठवड्यांनंतर आम्हांला त्या कथेचा शेवट अधिक आठवू लागला. शिष्य गुरुदक्षिणा विचारतात. गुरू पत्नीशी बोलतो, आणि मग सांगतो की आमचा मुलगा प्रभासक्षेत्री समुद्रात बुडाला, तो आणून द्या. चौसष्ट दिवस चौसष्ट कला चालल्या, आणि त्या घरात बुडालेल्या मुलाचे दुःख चूलीजवळ बसून होते, ते बाहेर आले ते कुणीतरी "आपणांस काय हवे?" असे विचारले तेव्हा. शिष्य देव होता. तो यमपुरीस जाऊन मुलगा घेऊन आला. आमच्यासारख्या माणसाला कुणाचा भाऊ आणून देता येत नाही. पण विचारता येते. तेवढे तरी चौसष्टाव्या दिवसापर्यंत ठेवू नये.

वहिनी महिन्याभरात शाळेत परतल्या. पुढच्या श्रावणात एका पहाटे तो मुलगा आमच्या दाराशी आला. धोतर नेसलेला, हातात तांब्या. वडील दुकानाशी उभे होते. "सर, सोबत याल?" एवढेच म्हणाला. आम्ही तिघे घाटावर गेलो. नदी पावसाने भरली होती. तो वरच्या पायरीवर बराच वेळ थांबला, मग एक पायरी उतरला, मग दुसरी. पाणी घोट्यापर्यंत आले तेथे तो थांबला. गुरुजींनी तेवढ्यात भागते असे सांगितले. त्याचा एक हात वडिलांच्या हातात होता. तर्पण होईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक फाइलीत आतल्या पानावर कारकून एक उभी रेघ मारतो. तारीख, अर्ज, कलम यांच्यापुढचा तो रकाना आम्ही स्वतःच्या हाताने भरतो. परवा एका वाटपाच्या दाव्यात, समोरच्या बाजूच्या वृद्ध बाईस प्रश्न विचारण्याआधी आम्ही तो पाहिला, आणि आखलेले दोन प्रश्न वगळले. दावा त्याने बिघडला नाही. आजी असती तर म्हणाली असती, वाक्याचा पहिला अर्धा भाग याला उशिराने आठवला.